दारावरचा 'स्वतंत्र व्यावसायिक'

अमेरिकेतल्या आम्हा मराठी मंडळींच्या गप्पांत उन्हाळा लागला की एक विषय हमखास निघतो. दारावर मासिकांची वर्गणी विकायला येणारी मुलं! मासिकांचे दिवस सरत आले तरी ही मुलं यायची थांबलेली नाहीत. कधी मासिकं, कधी फरशीपासून गाडीपर्यंत सगळं लख्ख करणारी कसलीतरी बाटली. अठरा-वीस वर्षांचा पोरगा किंवा पोरगी आणि पाठ केलेलं भाषण. अमुक इतके पॉइंट झाले की सहल मिळेल, नाहीतर कॉलेजसाठी पैसे मिळतील.

मग आमच्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, "सगळे लबाड, दारच उघडू नका." दुसरा म्हणतो, "कष्ट करतोय बिचारा, भीक तर मागत नाही ना? चाळीस डॉलर दिले तर काय बिघडलं?"

मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत. लबाडी असतेच, नाही असं नाही. पण ती शोधायची तर दारातल्या पोराकडे बघून भागत नाही, कोपऱ्यावर उभ्या असलेल्या व्हॅनकडे बघावं लागतं.

हा धंदा कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. 'देशभर फिरा, मजा करा, भरपूर कमवा, वय १८ ते २४' अशा जाहिराती असतात. त्यांना भुलतात ती बहुतेक घर तुटलेली, शाळा सुटलेली, खिसा रिकामा असलेली मुलं. त्यांना व्हॅनमध्ये भरून शेकडो मैल लांब नेतात. स्वस्तातल्या मोटेलात एकेका खोलीत कोंबतात. सकाळी एखाद्या वस्तीत सोडतात, रात्री उचलतात. विक्रीचा पैसा टोळीच्या म्होरक्याकडे जमा होतो. मुलाच्या हातात रोज जेवणापुरते थोडे डॉलर पडतात आणि बाकीचं 'वहीत' लिहिलं जातं. खोलीचं भाडं, पेट्रोल, दंड हे सगळं त्याच वहीत वजा होतं. महिन्याभराने हिशेब मागावा तर मुलगाच कंपनीचं देणं लागतो! आपल्याकडे ऊसतोडीची उचल आणि मुकादमाची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

विक्री कमी झाली की शिव्या, मारहाण. फारच कुरकुर केली तर अनोळखी शहरात, खिशात दमडी नसताना सोडून देणं. २००७ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने यावर सविस्तर लिहिलं होतं. त्याच्याही आधी १९८७ मध्ये सिनेटच्या उपसमितीने याची चौकशी केली होती. २०१५ मध्ये 'पोलारिस' या मानवी तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने या टोळ्यांवर स्वतंत्र अहवालच काढला. सक्तीच्या मजुरीच्या त्यांच्याकडे आलेल्या तक्रारींत घरकामाच्या खालोखाल नंबर या फिरत्या विक्रेत्यांचा होता. म्हणजे कोणाला माहीतच नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मग कायदा काय करतो? इथेच खरी मेख आहे.

१९३८ च्या अमेरिकेच्या श्रम कायद्यात किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला आहे. पण बाहेर फिरून माल विकणाऱ्याला त्यातून वगळलंय. त्यामागचा विचार असा की फिरता विक्रेता स्वतःच्या मर्जीचा मालक. कधी निघावं, कुठे थांबावं, कधी परतावं हे तोच ठरवणार, त्याचे तास मोजणार कोण? ठीक आहे. पण ज्या मुलाला व्हॅन सोडते आणि व्हॅनच उचलते, जो कुठे झोपेल आणि काय खाईल हेसुद्धा दुसराच ठरवतो, तो कसला मर्जीचा मालक? वर कंपनी त्याला नोकर म्हणतच नाही. कागदोपत्री तो 'स्वतंत्र कंत्राटदार'. खिशात घरी जायचं बसभाडं नाही, पण हुद्दा मात्र व्यावसायिकाचा!

२०१० मध्ये केंद्रीय नियमांनी सोळा वर्षांखालच्या मुलांना अशा दारोदारच्या विक्रीवर ठेवायला बंदी घातली. चांगलं झालं. पण टोळ्यांना हवी असतात ती मुख्यतः अठराच्या जरा पुढची पोरं. कागदावर प्रौढ, आणि मागे उभं राहणारं कोणी नाही.

गंमत म्हणजे दारावरच्या विक्रीबद्दल अमेरिकेत कायदे जुने आहेत. वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर गावाने १९३१ मध्येच बोलावल्याशिवाय दारात येणाऱ्या विक्रेत्यांवर बंदी घातली. तसाच एक नियम लुइझियानातल्या अलेक्झांड्रियाने केला, आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्या खटल्यात पकडलेला माणूस मासिकांची वर्गणीच विकत होता! म्हणजे घरमालकाची शांतता जपायची अक्कल फार पूर्वी आली. दारात उभ्या असलेल्याला कोणापासून जपायचं, हे मात्र सुचायला वेळ लागला.

आणि सुचलं तेही सात जीव गेल्यावर. मार्च १९९९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलजवळ अशाच एका टोळीची व्हॅन उलटली. आत चौदाजण होते. चालवणाऱ्याकडे वैध परवाना नव्हता. पोलीस दिसल्यावर त्याने चालत्या गाडीत दुसऱ्याशी जागा बदलायचा प्रयत्न केला. सातजण गेले. त्यातल्या एका अठरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी दहा वर्षं पाठपुरावा केला तेव्हा २००९ मध्ये विस्कॉन्सिनने कायदा केला. टोळीने नोंदणी करायची, मुलांना नोकर मानायचं, पगार वेळेवर द्यायचा. साधीच कलमं. पण एका राज्याने कायदा केला तर व्हॅनला शेजारच्या राज्यात जायला कितीसा वेळ लागतो? हा कायदा देशपातळीवर हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दारात आलेल्या मुलीने आधी पाणी मागितलं आणि मग विचारलं, "हे गाव कुठलं?" तिला खरंच माहीत नव्हतं. मी वर्गणी घेतली नाही. पाणी दिलं, गावाचं नाव सांगितलं आणि फोन करायचाय का विचारलं. ती नको म्हणाली आणि रस्त्याच्या टोकाकडे बघत निघून गेली.

यावर कोणी म्हणेल, काहीजण यातूनच वर आले, बोलायला शिकले. आले असतील. दारोदार फिरून विकणं हे कमीपणाचं काम नाहीच. माझी कसोटी एकच आहे: त्याला आज रात्री काम सोडून घरी जायचं असेल तर जाता येईल का? येत असेल तर ती नोकरी. नसेल तर तिला दुसरं नाव आहे.

म्हणून मला विचाराल तर वर्गणी घेऊ नका, तो पैसा बहुतेक त्या पोरापर्यंत पोचतच नाही. पण दारही आपटू नका. पाणी द्या, 'घरी फोन करायचाय का?' एवढं विचारा, आणि मानवी तस्करीविरोधी हेल्पलाइनचा १-८८८-३७३-७८८८ हा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. चिठ्ठी पटकन खिशात लपवता येते.

पोलिसांना नुसतं 'संशयित इसम' म्हणून कळवू नका. तक्रार करायचीच तर व्हॅनची करा, नंबरप्लेटसकट.