चेहरा आपला, छटाही आपलीच



लग्नसराई जवळ आली की पेण-रोहा भागातील मुलींकडून आम्हाला एकच विचारणा होते. मोबाईलवर पाहून गालांना तपकिरी पट्टे ओढले, पण चेहरा रेखीव होण्याऐवजी मळल्यासारखा दिसला, असे का? या प्रकाराला कॉन्टूर म्हणतात. या अंकात त्याचीच माहिती देत आहोत.

पेणजवळच्या हमरापूर, जोहे या गावांत मूर्तींचे कारखाने आहेत. पूजेचा मार्ग आपला नव्हे, पण तिथल्या कारागिरांचा हात पाहण्यासारखा आहे. मूर्तीला एकच रंग मारला की ती सपाट दिसते. मग कारागीर त्याच रंगाची थोडी गडद छटा मानेखाली, हाताच्या घडीत, पोटाच्या वळणावर स्प्रेने मारतो आणि मूर्तीला उठाव येतो. कॉन्टूर म्हणजे हेच शेडिंग. गडद छटेने भाग आत गेल्यासारखा वाटतो, उजळ छटेने पुढे येतो. मात्र कारागीर मूळ रंगाचीच गडद छटा घेतो, परका रंग घेत नाही. आपले चुकते ते नेमके इथे.

छटा कशी निवडावी?

बाजारातील बऱ्याच डब्यांतला कॉन्टूर गोऱ्या कातडीचा विचार करून केलेला असतो. त्यात राखाडी झाक असते. गव्हाळ किंवा सावळ्या गालावर तो राखेसारखा दिसतो. म्हणून आपल्या रंगापेक्षा एक-दोन छटाच गडद, कॉफी किंवा चॉकलेटी रंग घ्यावा. त्यात चमक नसावी, कारण सावली कधी चमकत नाही. दुकानात हाताच्या पंजावर लावून पाहू नका. जबड्याच्या कडेला लावा आणि दाराबाहेर उजेडात येऊन आरशात पाहा. ट्यूबलाईटखाली रंग फसवतो. वेगळा डबा घेणे परवडत नसेल तर डोळ्यांना लावायची बिनचमकीची तपकिरी पावडरही चालते.

आपला चेहरा ओळखा

केस मागे बांधून आरशासमोर उभ्या राहा आणि कपाळ, गाल, जबडा यांपैकी रुंद काय ते पाहा.

चेहरा गोल असेल तर कानशिलापासून गालाच्या हाडाखाली आणि थोडी जबड्याच्या कडेला छटा द्यावी. चौकोनी असेल तर कपाळाचे दोन्ही कोपरे व जबड्याचे कोन सौम्य करावेत. लांबट असेल तर केसांच्या रेषेलगत आणि हनुवटीच्या टोकाला हलका हात फिरवावा, गालाखाली फार लावू नये. कपाळ रुंद व हनुवटी निमुळती असेल तर फक्त कानशिलाच्या बाजूला पुरे. चेहरा मुळात लांबगोल असेल तर काहीच न लावलेलेही उत्तम!

लावण्याची रीत

तोंड धुऊन, कोरडे करून आधी आपल्या रंगाचे फाउंडेशन पातळ लावावे. कान आणि मान विसरू नये. नंतर कानाच्या वरच्या टोकापासून ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने गालाच्या हाडाखाली ब्रश न्यावा आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ रेषेत थांबावे. त्याच्या पुढे गेल्यास गाल बसल्यासारखे, आजारी दिसतात. ब्रश आधी झटकावा. थोडे थोडे लावावे आणि कड दिसेनाशी होईपर्यंत वरच्या दिशेने पसरवावे. रेघ दिसली तर काम अपुरे समजावे.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत घामाने जीव जातो. क्रीमचा कॉन्टूर जाड लावला तर घामाबरोबर ओघळतो. पावडरचा बरा. घाम आल्यास रुमालाने टिपावा, पुसू नये.

आपल्या लग्नाची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वधू पांढऱ्या साडीत असते. पांढरे कापड खालून चेहऱ्यावर उजेड फेकते आणि हनुवटीखालची सावली आपोआप कमी करते. पांढऱ्याशेजारी गडद पट्टा मात्र ठळक दिसतो. म्हणून इतर समारंभांपेक्षा निम्माच रंग वापरावा. पांढरी पावडरही थापू नये, फ्लॅशच्या फोटोत तोंड भुरे आणि मान वेगळी दिसते.

गोरेपणाचा सापळा

कॉन्टूर धुतला की जातो. गोरे करण्याच्या क्रीमचे तसे नाही. 1975 साली बाजारात आलेल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातले 'फेअर' 2020 मध्ये काढले गेले, पण मुलगी पाहायला आलेल्यांच्या मनातून ते अजून गेलेले नाही. त्या भीतीपोटी मुली बिनलेबलाच्या डब्या घेतात. अकोल्यातील एका घरातील आई आणि दोन मुली असे क्रीम वापरत होत्या. 2022 मध्ये तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार जडला. तपासात क्रीममध्ये पारा सापडला. काही क्रीममध्ये स्टेरॉईड असते. त्याने आठ दिवसांत चेहरा उजळतो, पण पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, तोंडावर केस येतात. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, घटक आणि मुदत छापलेली नाही, ती कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

डिसेंबर 1927 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याची जुनी रीत आणि अंगावरचे जड दागिने सोडा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. हीनपणाची खूण अंगावर वागवू नका, हा त्यामागचा अर्थ. आपल्या रंगाची लाज बाळगणे हीसुद्धा तसलीच खूण आहे. म्हणून नटायचे तर हौसेने नटा, भीतीने नको. धाटावच्या कारखान्यात पाळी करून स्वतःच्या कमाईतून एक ब्रश घेणारी मुलगी कुणाची मिंधी नाही. आणि आयांनो, लेकीला नटवताना "जरा उजळ दिसू दे" असे म्हणू नका. "छान दिसतेस" एवढेच म्हणा.

जयभीम!