भाच्याच्याच वयाची गाडी

सतराव्या वर्षी टप उघडणारी गाडी हवीशी वाटणं यात काहीही वावगं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मंडळी म्हणणार, मामा म्हातारा झाला. मला आजही वाटते. सिग्नलला शेजारी एखादी कन्व्हर्टिबल येऊन थांबली की मान वळतेच. त्यामुळे "हे कसलं खूळ!" या चालीवरचं काही इथे लिहायचं नाही. ते काम घरातल्या बाकीच्यांनी चोख केलेलं आहे.

प्रकरण असं. आमचा भाचा एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत राहतो. नुकतीच सतरा पूर्ण झाली. दोन उन्हाळे पोहण्याच्या तलावावर लाइफगार्ड म्हणून उन्हात भाजून त्याने साडेसहा हजार डॉलर साठवले आहेत. (माझ्या सतराव्या वर्षी माझ्याकडे पीएमटीचा पास होता.) आता त्याने हेरली आहे २००८ची बीएमडब्ल्यू ३२८आय कन्व्हर्टिबल. एक लाख चार हजार मैल, निळा रंग, पत्र्याचा टप. बटण दाबलं की टपाचे तीन तुकडे होऊन साधारण २२ सेकंदांत डिकीत जाऊन बसतात. विकणारा ७,९०० मागतोय. वरचे चौदाशे भावोजी घालायला तयार आहेत. आणि भावोजींचा मुद्दा वरवर बिनतोड आहे. ते म्हणतात, "अरे, २०१४ची कोरोला बघायला गेलो तर ती याच्यापेक्षा महाग. मग पोराला आवडते ती का नको?"

मला वाटतं सगळी गोम या एका प्रश्नात आहे. नवी असताना चाळीस हजारांच्या वर असलेली गाडी आज जुन्या कोरोलापेक्षा स्वस्त का? विकणारा दानशूर आहे म्हणून नाही. बाजाराने पुढच्या दुरुस्त्यांचा हिशेब आधीच वजा करून ठेवलाय म्हणून. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. त्या गाडीच्या टपाचा हायड्रॉलिक पंप आजही चाळीस हजारांच्या गाडीचाच पंप असतो. मेकॅनिक ताशी पैसे लावतो तेही गाडीकडे बघून. म्हणजे आधीच्या मालकाने न भरलेली बिलं पाकिटात घालून आपल्याला दिली जातात आणि वर आपण "किती स्वस्तात मिळाली" म्हणून पेढे वाटतो.

या गाडीचंच घ्या. इंजिन सहा सिलिंडरचं आणि खरोखर उत्तम, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याचा वॉटर पंप विजेवर चालतो आणि फारशी पूर्वसूचना न देता बंद पडतो. बऱ्याच गाड्यांत तो लाखभर मैलांच्या आतबाहेर जातो, म्हणजे हिचा आधीच बदललेला असेल किंवा मुहूर्त जवळ आला असेल. थर्मोस्टॅटसकट बदलायचा तर बाहेरच्या गॅरेजमध्येही हजाराच्या पुढेच जातं. ऑइल फिल्टरच्या घराचं गॅस्केट गळतं. डिकीच्या बिजागरीजवळून जाणाऱ्या वायरी वर्षानुवर्षं दुमडून आतल्या आत तुटतात, मग टप अर्ध्यात अडकतो आणि वर आभाळ भरून आलेलं असतं. टपाची रबरी सीलं वाळतात. पाणी वाहून जायच्या बारीक नळ्या असतात, त्यांत न्यू जर्सीच्या शरद ऋतूतली पानं कुजून बसली की पाणी गालिच्याखाली. टायर रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही मैल चालणारे, त्यामुळे डिकीत स्टेपनी नाही आणि एकेक टायर महाग. ऑइल बदलायला साडेसहा लिटर सिंथेटिक लागतं. गॅस प्रीमियम. आणि हो, हिवाळ्यात मागच्या चाकांवर चालणारी गाडी, बर्फ आणि सतरा वर्षांचा मुलगा, हे समीकरण तुम्हीच सोडवा.

यातलं प्रत्येक काम करता येतं. ज्याला हौस आहे, हाताला ग्रीस लागलेलं चालतं आणि घरात कामावर जायला दुसरी गाडी आहे, त्याच्यासाठी हे सगळं आनंदाचं आहे. पण ज्याची सगळी पुंजी साडेसहा हजार आणि ती सगळीच गाडीत गेली, त्याच्याकडे वॉटर पंपाला पैसे कुठून येणार? भावोजींकडून. दुसऱ्यांदाही भावोजींकडून. तिसऱ्यांदा भावोजी ओरडणार, गाडी ड्राइव्हवेमध्ये ताडपत्री पांघरून बसणार, आणि दोन उन्हाळ्यांची कमाई तिच्याखाली गंजत पडणार. मला खरी काळजी या पैशाची आहे. बापाच्या पैशाचं खूळ असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं. पोराने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मिळवलेले पैसे आहेत. त्या पैशातून त्याला काहीतरी चालणारं मिळावं.

आता घरच्यांचे आक्षेप. पुण्याहून आईचा पहिला प्रश्न, "छप्पर नाही त्या गाडीला एवढे पैसे?" याला माझ्याकडे उत्तर नाही. :-) दुसरा आक्षेप बहिणीचा: टप नाही म्हणजे अपघातात डोकं उघडं. मलाही आधी हेच वाटायचं. पण इथल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०२० मध्ये याचा अभ्यास केला तेव्हा वेगळंच निघालं. मैलांच्या हिशेबात कन्व्हर्टिबलचे अपघात आणि त्यांतले चालकांचे मृत्यू टपवाल्या गाड्यांपेक्षा जास्त नव्हते, उलट किंचित कमीच होते (फरक ठोस म्हणावा इतका नव्हता). मेलेल्यांपैकी गाडीबाहेर फेकले गेलेल्या चालकांचं प्रमाण मात्र कन्व्हर्टिबलमध्ये २१ टक्के आणि इतर गाड्यांत १७ टक्के होतं. म्हणजे पट्टा हा तिथे अधिकच जिवाभावाचा. पण हा अभ्यास एक ते पाच वर्षं जुन्या गाड्यांचा होता हे विसरायचं नाही. आमची ही बया जवळपास भाच्याच्याच वयाची आहे.

तेव्हा टपावर राग काढण्यात अर्थ नाही. तीच संस्था सांगते की मैलामागे होणाऱ्या जीवघेण्या अपघातांचं प्रमाण १६ ते १९ वयाच्या चालकांत वीस आणि त्यापुढच्यांच्या जवळजवळ तिप्पट आहे. नवशिक्यांसाठी त्यांचा सल्ला म्हणजे जोरदार इंजिन टाळा, लहान हलकी गाडी टाळा, स्टॅबिलिटी कंट्रोल हवाच. न्यायाने बोलायचं तर बीएमडब्ल्यू यातल्या दोन परीक्षा पास होते. गाडी चांगली जड आहे आणि स्टॅबिलिटी कंट्रोल आहे. अडतं ते २३० हॉर्सपॉवरवर. २०१४च्या कोरोलाला १३२ आहेत आणि पार्कवेच्या रॅम्पवरून गर्दीत शिरायला ते पुरतात. वर या गाडीचा टप लावला की मागचं नीट दिसत नाही. मागे बघायचा कॅमेरा अमेरिकेत नव्या गाड्यांना सक्तीचा झाला तो २०१८ मध्ये.

आणखी एक गंमत सांगतो. न्यू जर्सीत सतराव्या वर्षी मिळतो तो प्रोबेशनरी परवाना. रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी चालवायची नाही. आईवडील सोबत नसतील तर एकच प्रवासी. नंबर प्लेटवर लाल चिकटपट्टी, २०१० पासून. म्हणजे चार सीटची उघडी गाडी, त्यात एकच मित्र, रात्री अकराच्या आत घरात, आणि पाटीवर "मी नवीन आहे" असं लाल अक्षरात लिहिल्यासारखं. ज्या चित्रासाठी ही गाडी घ्यायची (समुद्रकिनारा, चार मित्र, मोठ्याने गाणी) ते चित्रच कायद्यात बसत नाही! हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा जरा गप्प झाला.

पुण्याच्या नातेवाइकांनी अर्थातच २०२४ची आठवण काढली. मे महिन्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि ती गाडी सतरा वर्षांचा मुलगा दारूच्या नशेत चालवत होता असा आरोप आहे. महागडी गाडी आणि सतरा वर्षं हे शब्द एकत्र आले की पुण्यात आता दुसरं काही आठवतच नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. पण भाच्याला त्या रांगेत बसवणं अन्यायाचं वाटतं. हा रीतसर शिकला, परवान्याआधीचे सरावाचे तास आईला शेजारी बसवून पुरे केले, गाडी स्वतःच्या पैशाने घ्यायला निघालाय. त्याला भीती घालून थांबवलं तर तो आमचं पुढचं काहीच ऐकणार नाही. मी तरी ऐकलं नसतं.

आपल्या लोकांचे दोन ठरलेले सूर असतात. एक, "शोभतं का हे? माणसाने साधं राहावं." दुसरा, हळूच, पार्टीत: "आमच्याकडे बीएमडब्ल्यू आहे, हो, मुलाची." दोन्हीत गाडी लोकांना दिसायची वस्तू आहे, चालवायची नाही. मला वाटतं पहिली गाडी अशी असावी की तिला ओरखडा आला तर रात्री झोप लागावी. नवशिक्या माणूस दोन-चारदा कुठेतरी घासणारच. कॉलेजच्या पार्किंगमध्ये कुणीतरी दार आपटणारच. ज्या गाडीला जपायचं असतं, तिला चालवताना अर्धं लक्ष तिच्याकडे जातं, आणि नवीन माणसाकडे मुळात पुरेसं लक्ष नसतं. ते सगळं रस्त्यावर हवं.

तरीही घ्यायचीच असेल तर? घरातली लोकशाही बघता तसंही होईल. मग एवढं करा, भावोजी. विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला, बीएमडब्ल्यूवर काम करणारा मेकॅनिक गाठा आणि पैसे देऊन गाडी उचलून खालून तपासा. न्यू जर्सीच्या इन्स्पेक्शनच्या स्टिकरवर विसंबू नका. २०१० पासून खासगी गाड्यांचा फक्त धूर तपासतात, ब्रेक आणि स्टिअरिंगला कुणी हात लावत नाही. गालिचा उचलून वास घ्या. इथल्या गाड्यांनी २०१२चं सँडी आणि २०२१चं आयडा, दोन्ही पूर पाहिलेले आहेत, आणि पुरात बुडालेल्या गाड्या दुसऱ्या राज्यात फिरून स्वच्छ कागद घेऊन परत येतात. टप दहा वेळा उघडबंद करा, थंड गाडीत आणि गरम गाडीतही.

आणि ताकाताच्या एअरबॅगचं बघा, हे सगळ्यात आधी. त्या कंपनीच्या एअरबॅगमधलं रसायन वर्षानुवर्षांच्या दमटपणाने आणि उष्णतेने बिघडतं, मग फुगताना धातूचे तुकडे उडवतं. एकट्या अमेरिकेत साधारण ६ कोटी ७० लाख एअरबॅगचे इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. मे २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००० ते २००६ मधल्या सुमारे ९०,००० गाड्या चालवूच नका म्हणून सांगितलं होतं. ही २००८ची आहे, त्या यादीतली नाही, पण या पिढीच्या गाड्याही ताकाताच्या रिकॉलमध्ये होत्या. गाडीचा व्हीआयएन नंबर सरकारी एनएचटीएसएच्या साइटवर टाकला की फुकटात कळतं, आणि रिकॉलचं काम डीलर फुकट करून देतो. जो विकणारा व्हीआयएन द्यायला खळखळ करेल त्याला तिथूनच नमस्कार.

माझं भाच्याला म्हणणं साधं आहे. पाच-सहा हजारांत मिळेल ती कंटाळवाणी, चांगल्या सेफ्टी रेटिंगची, ओरखडे असलेली सेडान घे. उरलेले पैसे विम्याला आणि ब्रेकला ठेव. सतरा वर्षांच्या मुलाच्या नावाने विम्याचं कोटेशन आलं की बापाचा चेहरा बघवत नाही, मग गाडी कुठलीही असो. कन्व्हर्टिबल पंचविसाव्या वर्षी घे, तोवर हीच बीएमडब्ल्यू आणखी स्वस्त झालेली असेल आणि वॉटर पंप बदलायला तुझ्याकडे पगार असेल.

यावर तो म्हणाला, "मामा, पंचविसाव्या वर्षी मला ती नको असेल." हे त्याचं म्हणणं खरं असू शकतं, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. म्हणून जूनमध्ये एका शनिवारी मी भाड्याने मस्टँग कन्व्हर्टिबल घेणार आहे. भाड्याची गाडी त्याला चालवू देत नाहीत, तो शेजारी बसेल. गार्डन स्टेट पार्कवेने थेट केप मेपर्यंत जायचं, टप पूर्ण वेळ उघडा. बहिणीने आत्ताच सनस्क्रीनची बाटली काढून ठेवली आहे आणि भावोजी विचारताहेत, मागच्या सीटवर जागा आहे का.