पेटी कुणाच्या हातात?



परभणी तालुक्यातल्या पेडगावात गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक होती. हिशेब झाला, मग नेहमीसारखी गाणी झाली. बारावीतली एक मुलगी फार छान गाते. ती म्हणाली, "ताई, मला पेटी शिकायची आहे." लगेच एक आजी म्हणाल्या, "गळा हाय तर गा की माय. पेटीचं बापे माणसं बघतेत." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येताना मात्र ते हसणं मला टोचत राहिलं.

तेव्हा निको आठवली. समाजकार्याचं शिक्षण घेताना तिच्या अखेरच्या दिवसांवरचा चित्रपट मी पाहिला होता. सुझाना निक्कियारेल्ली या दिग्दर्शिकेने तो २०१७ साली काढला. निकोचं खरं नाव क्रिस्टा पेफगेन. जन्म १९३८, जर्मनीतल्या कोलोनचा. बाप महायुद्धात गेला, आईने वाढवलं. किशोरवयातच ती फॅशन मॉडेल झाली. 'निको' हे नाव तिला एका छायाचित्रकाराने दिलं. आपल्याकडे लग्नात नवरा तांदळाच्या ताटात बायकोचं नवं नाव लिहितो, त्यातलाच हा प्रकार!

पुढे न्यूयॉर्कला चित्रकार अँडी वॉरहॉलने तिला 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक बँडबरोबर गायला उभं केलं. १९६७ च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर काही गाण्यांत आवाज तिचा, पण ती गाणी पुरुषाने लिहिलेली. त्याच वर्षी तिची स्वतंत्र रेकॉर्ड निघाली. तीत तिला न विचारता बासरी घातली गेली. ती ऐकून तिला रडू कोसळलं.

मग तिने हार्मोनियम घेतली. भात्यावर चालणारी, आपल्या भजनातल्या पेटीच्याच जातीची. तिच्यावर स्वतः शब्द लिहिले, चाली बांधल्या. १९६८ ची 'द मार्बल इंडेक्स' अशी जन्मली. सोनेरी केस तिने गडद रंगवले, काळे कपडे घातले. ही रेकॉर्ड फारशी खपली नाही. लोकांना तिचा चेहरा हवा होता, तिचं म्हणणं नको होतं. १९८८ साली इबिझा बेटावर सायकलवरून पडल्यानंतर ती गेली. वय ४९. आजही तिची ओळख करून देताना आधी पुरुषांची नावं येतात.

ती आदर्श नव्हती. अनेक वर्षं हेरॉइनच्या विळख्यात होती. कृष्णवर्णीयांबद्दल विषारी बोलली, त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण बाईच्या कामाची नोंद घ्यायला ती आधी देवी असावी लागते का?

दूर कशाला जा? आपल्या विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा हलाखीतच होत्या. पुढे शासनाने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. फडावर बघायला गर्दी झाली. तो फड चालवणारी, गाणारी बाई म्हणजे कष्टकरी कलावंत, हा हिशेब कुणी ठेवला?

आपल्या चळवळीनेही स्वतःला विचारायला हवं. १९९६ साली बंगळूरला झालेल्या विश्वसुंदरी स्पर्धेला स्त्री संघटनांनी विरोध केला. बाईच्या देहाच्या बाजाराला तो विरोध योग्यच होता. पण बाजारात उभ्या राहिलेल्या बाईकडे आपणही कधी बिचारी, तर कधी गुन्हेगार म्हणूनच पाहतो. तिला काय म्हणायचं आहे, हे विचारतच नाही. म्हणजे आपणही तिचा चेहराच पाहिला की!

बाईला गायला लावणं समाजाला जमतं. गाणं कोणतं, चाल कुणाची, पेटीवर बोटं कुणाची, हे ठरवायचा हक्क तिला देणं जड जातं. फॅशनच्या मंचावर असो की मारुतीच्या पारावर, गोष्ट एकच.

पुढच्या बैठकीत आमच्या गटापुढे एक जुनी पेटी विकत घेण्याचा विषय ठेवते आहे. आजी विरोध करतील, बहुधा. पण त्यांनाच पहिला सूर धरायला सांगणार आहे. तुमच्या गावात पेटी कुणाच्या हातात आहे?