एरर वाचा, पळू नका!

स्क्रीनवर लाल अक्षरं दिसली की आपण काय करतो? सगळा कोड उचलून एआयला देतो, नाहीतर बाजूच्याला विचारतो, "काहून चालून नाही राहिलं बे?" एरर मात्र कुणीच वाचत नाही.

दोस्तांनो, पायथॉनची एरर खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत चूक कोणत्या प्रकारची ते असतं, त्याच्या वर फाइल आणि ओळीचा नंबर. त्या ओळीत काही सापडलं नाही, तर तिच्या वरची ओळ बघा. कंस उघडाच राहिलेला असू शकतो.

खरा त्रास देते ती एरर न दाखवणारी चूक. पायथॉनला 'नागपूर'ची लांबी विचारा. तुम्ही मोजाल चार, तो सांगेल सहा. कारण युनिकोडमध्ये काना आणि ऊकार वेगळे मोजले जातात. आता हाच शब्द उलटा करायला सांगा. आपल्याला हवं 'रपूगना', मिळतं 'रूपगान'! ऊकार प सोडून र ला लागला, काना न सोडून ग ला. प्रोग्राम बिनबोभाट चालला, उत्तर चुकलं. अशा वेळी अंदाजाने पाच ठिकाणी बदल करू नका. मधल्या टप्प्यावर प्रिंट लावा. तिथपर्यंत बरोबर असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात. असं अर्धं-अर्धं करत गेलात तर शंभर ओळींतली चूक जास्तीत जास्त सात फेऱ्यांत हाती लागते. आणि एका वेळी एकच बदल.

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या 'मार्क २' संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चक्क नोंदवहीत चिकटवून ठेवला. आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मात्र फक्त चालणारे प्रोग्राम असतात, तेही बऱ्याचदा सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेले. चूक कुठे झाली, कशी सापडली, याला जागाच नाही आणि मार्कही नाहीत.

उद्या मिहानमधल्या कंपनीत लागलात, तर दुसऱ्याने लिहिलेला, बिघडलेला कोड समोर येईल. तो दुरुस्त करायची सवय लागणार कधी? म्हणून कॉलेजांनी प्रॅक्टिकल परीक्षेत एक मोडका प्रोग्राम द्यावा आणि चूक शोधण्याच्या पद्धतीला मार्क द्यावेत. तोवर तुम्ही जर्नलचं शेवटचं पान चुकांसाठी ठेवा. व्हायवात सर विचारोत न विचारोत, इंटरव्ह्यूला जायच्या आदल्या रात्री तेच पान कामाला येईल.