पदवीनंतरचा गुरु

निकालाचे दिवस आले कीं पुष्कळ घरांतून एक जुनाच वाद नव्यानें सुरू होतो. पदवी हातीं आलेली असते. वडील मंडळींच्या मतें आतां अर्थार्जनाचा मार्ग धरावयाचा. आणि मुलाला किंवा मुलीला मात्र चित्रकला अगर आकल्पन, म्हणजे आपण ज्याला सर्रास डिझाइन म्हणतों, त्या विषयांत आणखी दोन वर्षें शिकावयाचें असतें. “चित्रें काढावयास पदवीवर पदवी कशाला?” हा आजोबांचा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. फीचा खर्च आणि बुडालेली मिळकत असा दुहेरी भार त्यामागें असतो.

उत्तर शोधतांना प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, या शिक्षणाचें सार व्याख्यानांत नसतें. १९१९ सालीं जर्मनींतील वायमार येथें वॉल्टर ग्रोपियस यांनीं ‘बाउहाउस’ ही संस्था काढली, तेव्हां तेथील कर्मशाळांवर दोन दोन गुरु नेमण्याची पद्धत घातली: एक रूपाचा विचार शिकविणारा कलावंत, दुसरा हत्यारांत मुरलेला कारागीर. एकट्या कलावंताच्या हाताखालीं वस्तु कागदावरच राहण्याचें भय. एकट्या कारागिराच्या हाताखालीं ती कालच्यासारखीच निपजण्याचें. १९३३ सालीं ती संस्था बंद पडली, पण परंपरा खुंटली नाहीं. तिचेच विद्यार्थी माक्स बिल हे उल्म येथील विद्यालयाचे पहिले प्रमुख झाले. त्या उल्मला शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णी यांनीं १९६९ सालीं पवईच्या आय. आय. टी.मध्यें औद्योगिक आकल्पन केंद्राचा पाया घातला. गायनाच्या घराण्यांत जशी तालीम हातोहात उतरते, तशीच ही विद्या उतरत आली.

त्याच केंद्रांत पुढें र. कृ. जोशी यांनीं अध्यापन केलें. जाहिरातीच्या धंद्यांत उमेदीचीं वर्षें घालविलेला हा अक्षरकार. संगणकावर मराठी वाचणाऱ्यांच्या नित्य परिचयाचा ‘मंगल’ टंक त्यांनींच घडविला. पोटापाण्यासाठीं अक्षर लिहिलेला मनुष्य जेव्हां शिकवितो, तेव्हां विद्यार्थ्याला सौंदर्याबरोबर मुदत, गिऱ्हाईक व छापखाना यांचीही ओळख होते. ती पुस्तकांतून होत नाहीं.

आजही तेथील दोन वर्षांचा क्रम याच धोरणाचा आहे: आरंभीं नेमलेले विषय, मधल्या सुट्टींत प्रत्यक्ष व्यवसायांतील उमेदवारी, आणि अखेरीस मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीं स्वतःचें एक मोठें काम. प्रवेशासाठीं जी ‘सीड’ परीक्षा घेतात, तिच्या एका भागांत आजही हातानें चित्र काढावें लागतें.

तेव्हां पालकांनीं संस्थेची इमारत व माहितीपत्रक पाहून भुलूं नये. चार गोष्टी विचाराव्यात. काम कोण पाहणार? तो मनुष्य स्वतः धंद्यांत आहे कीं कधीं काळीं होता? एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात? आणि काम अर्धें असतांना तो पाहतो, कीं पुरें झाल्यावर गुण देण्यापुरता? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. कारण चूक कच्च्या आराखड्यांत सांपडली तर ती शिकविते, आणि तयार वस्तूंत सांपडली तर केवळ खट्टू करिते. गुरूची तऱ्हा जशीच्या तशी उचलणारे शिष्य जेथें दिसतील, तेथेंही सावध असावें. उत्तम मार्गदर्शक वेळीं बाजूला होतो.

या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक नसतील, तर ते पैसे वांचवून मुलाला एखाद्या चांगल्या कारागिराकडे अगर कचेरींत उमेदवारीस घालणें अधिक शहाणपणाचें. तीं समाधानकारक असतील, तर मात्र घरानेंही आपला वाटा उचलावा. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ आणि जागा थोडी. तरी शिकणाऱ्या मुलीला, आणि सुनेलाही, एक मेज असें द्यावें कीं ज्यावरचें अर्धवट चित्र पाहुणे आले म्हणून कोणी गुंडाळून ठेवणार नाहीं. सणावाराच्या कामांतून तिची सुटका करणें हें फी भरण्याइतकेंच साहाय्य होय.

गुरु पारखण्याचें काम दोन वर्षें देण्यापूर्वींचें आहे. एकदां दिल्यावर, “आज काय केलेंस?” असा रोज हिशेब मागूं नये.