अंथरूण ओलं होतं म्हणून शाळा सुटू नये

ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की बीड भागातली बरीच पोरं आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही मंजूर केली. सोय झाली, पण रात्री अंथरुणात लघवी होणारं पोर तिथं टिकत नाही. बाकीची हसतात, ते आई-बापाच्या कोपीवर जायचा हट्ट धरतं आणि शाळा सुटते.

हा आळस नव्हे, खोडीही नव्हे. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा जणांना हा त्रास असतो. मूत्राशय भरलं तरी जाग येत नाही. काहींच्या शरीरात रात्री जास्त लघवी तयार होते. आई-बापाला लहानपणी असेल तर मुलातही येतो. बहुतेकांचा वयानुसार थांबतो. मारून, चटके देऊन थांबत नाही.

दिवसा भरपूर पाणी द्यावं, संध्याकाळनंतर कमी. रात्री चहा नको. झोपण्यापूर्वी लघवीला पाठवावं, पोट साफ राहील असं बघावं. सहा महिने थांबून पुन्हा सुरू झालं, दिवसाही होत असेल, जळजळ किंवा फार तहान असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं.

सरपंच व शाळा व्यवस्थापन समितीने वसतिगृह पाहताना पटावरची संख्या मोजून परतू नये. संडासाच्या वाटेवर दिवा, गादीवर मेणकापड आणि जादा चादरी आहेत का, तेही बघावं. एवढ्या खर्चात एका पोराचं वर्ष वाचतं.