झाकलेली क्रमवारी

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरी वळणाच्या चपला दिसल्या आणि कोल्हापूर पेटून उठले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने प्राडाला पत्र लिहिले, प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे कंपनीला मान्य करावे लागले, तिची माणसे इथे येऊन कारागिरांना भेटून गेली. तो संताप योग्यच होता. पण त्याहून मोठे नुकसान रोज आपल्याच हातातल्या मोबाइलवर होते आहे आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

खरेदीच्या कोणत्याही मोठ्या अ‍ॅपवर 'कोल्हापुरी चप्पल' शोधून पाहा. रेक्झिनच्या, पीयूच्या, यंत्रावर चिकटवलेल्या चपला त्याच नावाने पुढे येतात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची, चामड्याच्याच वादीने शिवलेली जोडी या गर्दीत कुठे असेल, याचा भरवसा नाही. कोल्हापूरच्या चप्पल लाइन बाजारात गिऱ्हाईक जोडी हातात घेते, वाकवून बघते, चार दुकाने फिरते. अ‍ॅपवर ते पहिल्या काही चित्रांपुढे फारसे जातच नाही. त्यामुळे माल कोणाचा खपणार, हे क्रम लावणारी कंपनीच ठरवते.

आणि हा क्रम कसा लागतो, हे सांगणे कंपनीच्या मर्जीवर सोडलेले नाही. 23 जुलै 2020 रोजी अधिसूचित झालेल्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांतील पाचवा नियम ऑनलाइन बाजारपेठांना स्पष्ट बजावतो: माल किंवा विक्रेत्यांची क्रमवारी कोणत्या मुख्य निकषांवर ठरते आणि त्यात कोणत्या निकषाला किती वजन आहे, हे सर्वांना सहज सापडेल अशा ठिकाणी, सोप्या भाषेत लिहा. त्याच वर्षी जानेवारीत भारतीय स्पर्धा आयोगानेही ई-कॉमर्सच्या पाहणी अहवालात हाच आग्रह धरला होता. प्रत्यक्षात वाचायला मिळतात ते किंमत, लोकप्रियता, ग्राहकांचे अभिप्राय असे ढोबळ शब्द. वजनाचा मुद्दा गुळगुळीत वाक्यांत विरून जातो. कोल्हापुरातल्या जवाहरनगरात किंवा सुभाषनगरात चपला करणाऱ्या कुटुंबाने, चपलेची वेणी घालणाऱ्या घरातल्या बाईने त्यातून काय समजून घ्यायचे? पैसे भरून वरची जागा मिळते का? कंपनीच्या जवळच्या विक्रेत्याला झुकते माप आहे का? भौगोलिक मानांकनाला या क्रमवारीत काही किंमत आहे का?

हा शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे एवढाच तिचा मुलूख कायद्याने ठरला. पण मानांकनाची नोंद आणि क्रमवारीचे सूत्र यांची गाठच पडत नसेल, तर ते प्रमाणपत्र भिंतीवरच राहणार आणि नाव ज्याला हवे तो वापरणार.

निकष उघड केले तर लबाड विक्रेते त्यांचा गैरफायदा घेतील, असे कंपन्या म्हणतात. भीती अगदीच खोटी नाही. पण नियम त्यांच्याकडे संगणकीय सूत्र मागतच नाही. मुख्य निकष आणि त्यांचे वजन सांगा, एवढेच तो म्हणतो. युरोपीय संघात जुलै 2020 पासून हे बंधन लागू आहे आणि पैसे देऊन क्रमांक बदलतो का, हेही तिथे सांगावे लागते. आपल्याकडे 2018 मध्ये शोधनिकालांत पक्षपात केल्याबद्दल स्पर्धा आयोगाने गुगलला 135.86 कोटींचा दंड ठोठावला होता. म्हणजे क्रमवारीला जाब विचारण्याची ताकद यंत्रणांकडे आहे. चपलेच्या बाबतीत ती वापरायची तर आधी कुणीतरी दार ठोठावायला हवे.

ते काम एकट्या कारागिराचे नाही. दिवसाला मोजक्या जोड्या करणारा माणूस बलाढ्य कंपनीशी पत्रव्यवहार कधी करणार? मानांकनाची मालकी महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाकडे आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळाकडे आहे. या दोघांनी मिळून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार दाखल करावी, पाचव्या नियमाप्रमाणे निकष आणि त्यांचे वजन मागून घ्यावे आणि कोल्हापुरी म्हणून खपवल्या जाणाऱ्या नकली मालाची यादी पुराव्यांसह सोबत जोडावी. जिल्ह्याच्या खासदारांनी हाच प्रश्न लोकसभेत विचारावा. पुढची लग्नसराई सुरू होण्याआधी ही तक्रार दिल्लीत पोहोचली पाहिजे.